"साइट परत गेली ओ" : नावाने सापडते, मालाने सापडत नाही, तेव्हा काय तपासायचं

फेब्रुवारी लागला, तासगाव-सावळजकडची शेड द्राक्षांनी भरायला लागली की एक फोन मला ठरलेला. पलीकडून बेदाणावाले काका. "साइट परत गेली ओ." गेली म्हणजे काय झालं, उघडत नाही का? "उघडतीय की. गूगलवर येईना झालीय." काय टाकून बघितलंत? "नाव टाकलं की येतीय. बेदाणा टाकला की येत नाही."

सलग तीन हंगाम हा फोन आला. तक्रार अक्षरशः तीच, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. विश्रामबागेत बसून मी सांगली-मिरजेच्या छोट्या धंद्यांच्या साइट सांभाळतो. हळदवाले आहेत, भडंगवाले आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत, मिरजेतलं तंबोऱ्याचं एक दुकान आहे. सगळ्यांकडून हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकतो. म्हणून काकांच्या साइटवर जे जे निघालं ते निघालं त्या क्रमाने लिहितोय. तुमच्या साइटलाही याच क्रमाने हात लावा, कारण पहिलं दुखणं असेल तर दुसऱ्यावर केलेली मेहनत वाया जाते.

आधी फोन बाजूला ठेवा

स्वतःच्या फोनवर स्वतःची साइट शोधणं ही तपासणी नव्हे. गूगल तुम्ही कुठे उभे आहात ते बघून निकाल बदलतं, शिवाय तुमच्या खात्यातून तुम्ही आधी काय काय उघडलंय याचाही थोडाफार परिणाम होतो. मार्केट यार्डात उभं राहून "हळद" टाकलं तर जे दिसेल ते नाशिकच्या गिऱ्हाइकाला दिसणार नाही. इन्कॉग्निटो खिडकीत बघितलं तर जुन्या शोधांचा परिणाम जातो, जागेचा जात नाही.

दुसरी फसगत याहून मोठी आहे. पहिल्या वर्षी काकांनी "नाव टाकलं की येतीय" म्हणून मला जे दाखवलं, ती साइट नव्हतीच. तो गूगल मॅपचा डबा होता: दुकानाचा फोटो, वेळ, फोन नंबर, आणि खाली "वेबसाइट" असं बटण. ते बटण दाबून साइट उघडायची, म्हणून काकांना वाटायचं साइट सापडली. ही नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, साइटपासून वेगळी असते. साइट गूगलच्या यादीत अजिबात नसली तरी हा डबा मजेत दिसत राहतो.

तर खरी तपासणी अशी. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत "साइट" लिहा, त्याला लागून दोन टिंबांचा कोलन, आणि त्याला लागून तुमच्या साइटचा पत्ता. मध्ये जागा सोडायची नाही. तुमच्या साइटची जी पानं गूगलच्या यादीत आहेत त्यांतली बरीचशी समोर येतील. एकही आलं नाही, तर टायटल, शब्द, फोटो यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तुमचं पान शर्यतीतच नाही.

पहिल्या वर्षी एकही पान आलं नाही.

पहिल्या वर्षीचं कारण: दारावरची पाटी

साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) होती आणि दिवाळीत एका मुलाने तिला नवीन रूप दिलं होतं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये "रीडिंग" नावाचं पान असतं. त्याच्या तळाशी एक चौकोन असतो, ज्याचा अर्थ असा की शोधयंत्रांनो, ही साइट यादीत घेऊ नका. काम चालू असताना त्यावर टिक करणं बरोबरच आहे, अर्धवट साइट जगाला कशाला दाखवायची. पण काम संपल्यावर ती टिक काढायची राहिली. "बांधकाम चालू, आत येऊ नये" ही पाटी वास्तुशांत झाल्यावरही दारावर तशीच.

ही टिक प्रत्येक पानाच्या डोक्यात "नोइंडेक्स" ही सूचना घालते. टिक काढली, पुढच्या काही दिवसांत पानं एकेक करून यादीत आली. दुरुस्तीला लागला अर्धा मिनिट, त्यापायी गेला अर्धा हंगाम.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण शिकलेली माणसंही यात फसतात. रोबोट्स नावाची एक छोटी मजकूर फाइल साइटच्या मुळाशी असते. तिच्यात "आत येऊ नका" असं लिहिता येतं. पण "आत येऊ नका" आणि "यादीत घेऊ नका" या दोन वेगळ्या सूचना आहेत. आत यायलाच बंदी असेल तर गूगलला पानावरची नोइंडेक्स सूचना वाचताच येत नाही, आणि बाहेरून कुणी त्या पानाचा दुवा दिला असेल तर नुसता पत्ता, वर्णनाशिवाय, निकालात दिसूही शकतो. दोन्ही कुलपं एकदम लावून बसलेली साइट मी पाहिली आहे. एक पान यादीतून जाईना आणि दुसरं यादीत येईना.

याच वेळी सर्च कन्सोल, म्हणजे गूगलला तुमची साइट कशी दिसते ते दाखवणारी सोय, जोडून घ्या. गूगलचं आहे, फुकट आहे. एक आग्रह: मालक म्हणून तुमचा स्वतःचा जीमेल घाला. साइट करणाऱ्या मुलाचा नको. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो आणि किल्ली त्याच्याबरोबर जाते, हे सांगलीत कुणाला सांगायला नको.

दुसऱ्या वर्षीचं कारण: पान गप्प होतं

हा या लेखाचा खरा गाभा, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

दुसऱ्या फेब्रुवारीत पानं यादीत होती. दुकानाच्या नावाने साइटच यायची, मॅपचा डबा वेगळा. पण "बेदाणा", "तासगाव बेदाणा", "बेदाणा भाव" यांतलं काहीही टाका, साइटचा पत्ता नाही. मी काकांच्या शेडवर गेलो. खुर्चीवर लॅपटॉप ठेवला आणि पहिलं पान उघडलं. वर झकास बॅनर: हिरव्या बेदाण्याचा ढीग, त्यावर सोनेरी अक्षरांत "विश्वास, शुद्धता, परंपरा". खाली दरपत्रक. त्याखाली कुटुंबाचा फोटो.

मी माऊसने वरपासून खालपर्यंत सगळं पान निवडलं. मजकूर निवडला की निळा होतो. अख्ख्या पानावर निळ्या झाल्या फक्त दोन ओळी: तळाचा फोन नंबर आणि "सर्व हक्क राखीव".

बाकी सगळं चित्र होतं. बॅनर चित्र, दरपत्रक चित्र. फ्लेक्स करणाऱ्याकडूनच डिझाइन करून घेतलं होतं. चित्रातली अक्षरं गूगलला कधी थोडीफार कळतात, पण त्या भरवशावर धंदा ठेवू नये. ही बोट फिरवण्याची चाचणी तुम्ही आत्ता फोनवर करू शकता. जो मजकूर निवडता येत नाही, तो गूगलसाठी नाही असंच समजा.

मग ब्राउझरच्या टॅबवर बघितलं. तिथे जे दिसतं ते पानाचं टायटल. काकांच्या टॅबवर लिहिलं होतं "होम". सगळ्या पानांवर "होम". निकालांच्या यादीत जी निळी मोठी ओळ दिसते ती बहुतेक वेळा या टायटलवरून येते. टायटल असं मोघम असलं, किंवा सगळ्या पानांना एकच असलं, तर गूगल पानावरचं दुसरंच काहीतरी उचलून तिथे लावतं. काकांच्या बाबतीत ते काय उचलत होतं? फोन नंबर.

"होम" काढून आम्ही लिहिलं: "तासगावचा हिरवा बेदाणा व मनुके, थेट शेडवरून, 1 ते 15 किलो" आणि त्यापुढे दुकानाचं नाव. टायटल किती लांब असावं याचा गूगलने ठरवून दिलेला आकडा नाही. पडद्यावर मावेल तेवढं दिसतं, बाकी कापलं जातं, आणि फोनवर लवकर कापलं जातं. म्हणून माल आणि गाव आधी, दुकानाचं नाव शेवटी. काकांना हे आवडलं नाही. आजोबांनी दिलेलं नाव शेवटी कसं? मी म्हटलं, काका, नाव माहीत असलेला माणूस तुम्हाला शोधून काढतोच. हे टायटल नाव माहीत नसलेल्यासाठी आहे.

पण टायटल लिहिताना खरा प्रश्न उभा राहिला: कोणता शब्द?

तासगावच्या सौद्यात माल म्हणजे बेदाणा. शेतकरी, अडते, कोल्ड स्टोअरेजवाले, सगळे बेदाणाच म्हणतात. पुण्याच्या बाई म्हणतात मनुके. मुंबईत कुणी किसमिस म्हणतं, हिंदी बोलणारा किशमिश. काकांच्या व्हॉट्सअॅपवर महिनाभराच्या चौकशा आम्ही चहा पीत पीत वाचल्या. "मनुके आहेत का", "काळे मनुके पाव किलो मिळतील का", "किसमिस रेट". बेदाणा शब्द लिहिणारे जवळजवळ सगळे व्यापारी, आणि व्यापाऱ्यांकडे काकांचा नंबर आधीपासून असतोच. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी साइट काढली, त्याचा शब्दच साइटवर नव्हता.

यात एक गंमतही आहे. मनुका हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. न्यूझीलंडचा मध येतो! तिकडे मनुका नावाचं झुडूप आहे, त्याच्या फुलांचा मध जगभर विकला जातो. त्यामुळे इंग्रजी अक्षरांतला तो शब्द एकटा वापरण्यात अर्थ नाही. त्याच्या शेजारी बेदाणा, द्राक्ष, तासगाव यांतलं काहीतरी हवंच.

उपाय असा केला की तिन्ही शब्द एका सरळ वाक्यात आणले: "आमच्या शेडवर द्राक्षं वाळवून आम्ही बेदाणा करतो. पुण्या-मुंबईकडे यालाच मनुका किंवा किसमिस म्हणतात." बस. हे वाक्य गिऱ्हाइकालाही खटकत नाही आणि गूगललाही कळतं. शब्दांची पोतडी रिकामी करायची गरज पडली नाही.

पोतडी म्हणजे काय तेही सांगतो, कारण हे खूप दिसतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत "बेदाणा सांगली, बेदाणा मिरज, बेदाणा कराड, बेदाणा सातारा, बेदाणा विटा" अशी चाळीस गावांची रांग. काही जण तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहितात, म्हणजे माणसाला दिसू नये. गूगलच्या नियमांत याला स्पॅम म्हणतात, आणि पकडलं की साइट खाली जाते. तसंच पानाच्या कोडमधला "मेटा कीवर्ड्स" नावाचा रकाना. त्यात शब्द भरून देण्याचे पैसे घेणारे अजून भेटतात. क्रमवारीसाठी तो रकाना आपण बघत नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. ते पैसे वाचवा आणि भडंग खा.

मग पानावर लिहायचं काय? गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते. काकांना दिवसातून चार वेळा विचारलं जातं, "गंधक मारलंय का?" पिवळा चमकदार रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, हे लोकांना माहीत झालंय. काका फोनवर छान समजावतात: कोणता माल धुरीचा, कोणता बिनधुरीचा, हिरवा सावलीत जाळीवर कसा वाळतो, वाळवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून का काढतात, चार किलो द्राक्षांचा साधारण एकच किलो बेदाणा होतो म्हणून भाव तसा का. हे सगळं तोंडी. पानावर एक ओळ नाही. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, काकांना बोलू दिलं आणि घरी येऊन ते जसंच्या तसं उतरवलं. फक्त शिव्या गाळल्या. काकांच्या साइटवर आज सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच आहे: "बेदाण्याला गंधक असतं का?"

भौगोलिक मानांकनाचंही (जीआय) तसंच. सांगलीच्या बेदाण्याला ते 2016 मध्ये मिळालं, हळदीला 2018 मध्ये, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये. दुकानदार काय करतो, तर मानांकनाचा शिक्का चित्र म्हणून लावतो. तो मजकुरात लिहा, आणि त्याचा तुमच्या मालाशी काय संबंध तेही लिहा. पण संबंध असेल तरच. दुसरीकडचा माल आणून सांगलीचा म्हणून लिहिलात तर गूगलच्या आधी गिऱ्हाईक पकडेल.

मराठी साइटची दोन खास दुखणी

एका हळदवाल्यांच्या साइटवर मजकूर भरपूर होता, निवडता येत होता, मालकाच्या कॉम्प्युटरवर सुंदर मराठी दिसत होती. तरी एकही मराठी शब्द टाकून साइट सापडेना. मी एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर चिकटवली, तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांचा चिवडा. माहितीपत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून जसाच्या तसा आणला होता, जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांना मराठीचा मुखवटा घातलेला असतो. मालकाच्या यंत्रात फॉन्ट होता म्हणून त्याला मुखवटा दिसायचा. गूगलला चिवडा. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच राहतं अशा पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास तुटतात. "सर्व"चं "सवर्" झालेलं मी एका प्रतिष्ठित साइटवर दोन वर्षं बघतोय.

दुसरं दुखणं भाषांतराच्या बटणाचं. इंग्रजी साइट आणि वर कोपऱ्यात "मराठी" बटण. दाबलं की पान तिथल्या तिथे मराठी होतं. मालक खूश. पण त्या मराठीला स्वतःचा पत्ता नाही, ती वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये क्षणभर तयार होते आणि जाते. गूगलच्या यादीत मराठी पान येतच नाही. मराठी गिऱ्हाईक हवं असेल तर मराठीत लिहिलेलं, स्वतःचा पत्ता असलेलं पान हवं. पानाची भाषा कोणती हे गूगल समोर दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, कोडमधल्या भाषेच्या खुणेवरून नाही.

तिसऱ्या वर्षीचं कारण: दरवर्षी नवं घर

आता गेल्या फेब्रुवारीचा फोन. पाटी नाही, मजकूर उत्तम, टायटल जागेवर. मधल्या काळात "तासगाव मनुके" टाकल्यावर पहिल्या पानावर साइट येतही होती. आणि अचानक नाही.

सर्च कन्सोल उघडलं. तिथे कोणत्या शब्दांना तुम्ही किती वेळा दिसलात याचा सोळा महिन्यांचा हिशेब राहतो. सोळा महिने हा आकडा हंगामी धंद्याला सोन्यासारखा आहे, कारण यंदाचा फेब्रुवारी मागच्या फेब्रुवारीशेजारी ठेवता येतो. जानेवारीशी तुलना केली तर उगाच घाबरायला होतं. मे-जूनमध्ये घसरण दिसली तर ती साइटची असेलच असं नाही, लोकांचं विचारणंच कमी झालेलं असू शकतं. इथे मात्र मागच्या फेब्रुवारीपेक्षा खरोखर खाली गेलं होतं, आणि खाली गेलं होतं एकच पान: हंगामाचं.

काकांना विचारलं, हे पान कुठे गेलं? "जुनं काढलं की. गेल्या वर्षीचा भाव त्यावर कशाला ठेवायचा? नवीन केलंय, 2025 चं."

इथे गोम होती. दरवर्षी नवं पान, नव्या पत्त्याचं, आणि जुनं कचऱ्यात. वर्षभरात त्या जुन्या पानाला जे दुवे मिळाले, एका पाककृतीच्या साइटने दिलेला, लोकांनी व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेला, ते सगळे आता "पान सापडत नाही" या भिंतीवर जाऊन आपटत होते. गूगलच्या दृष्टीने ओळखीचा दुकानदार गाव सोडून गेला आणि कुणीतरी नवखा येऊन बसला. मार्केट यार्डात कुणी दरवर्षी गाळा बदलतं का?

उपाय दोन. पहिला, झालेलं नुकसान भरून काढायला: जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं वळण द्यायचं. याला 301 म्हणतात. वर्डप्रेसला यासाठी फुकट प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) मिळतात. हे वळण निदान वर्षभर तरी ठेवा, मी तर काढतच नाही. सगळी जुनी पानं मुखपृष्ठावर वळवू नका. बेदाण्याचं बेदाण्यावर, हळदीचं हळदीवर. दुसरा उपाय, पुढच्या वर्षांसाठी: पत्त्यात सालच घालू नका. पान एक, पत्ता एक, आतला भाव आणि साल बदलत राहा. माल संपला तर "यंदाचा माल संपला, नवा फेब्रुवारीत" असं लिहा, पान उडवू नका.

पत्त्यावरून आणखी एक. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून मराठी पत्ता बनवतं. गूगलला तो चालतो. पण आत प्रत्येक देवनागरी खूण, काना-मात्रेसकट, नऊ इंग्रजी चिन्हांची होते, आणि वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग 200 चिन्हांवर कापतं. काकांच्या पानाचं शीर्षक होतं "तासगावचा हिरवा बेदाणा आणि काळे मनुके". पत्ता झाला "तासगावचा-हिरवा-बेदाणा-आण". "आण"च्या पुढची वेलांटी 201 व्या चिन्हापर्यंत जात होती, तिथेच कात्री. वर व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची भलीमोठी शेपटी, बघणाऱ्याला वाटावं फसवणुकीचा दुवा आहे. मी इंग्रजी अक्षरांत एकच शब्द ठेवतो, "बेदाणा". पत्त्यातल्या शब्दाने क्रमवारीत फारसा फरक पडत नाही, माणसाला मात्र तो फोनवर सांगता येतो. फक्त चालू पानाचा पत्ता सुधारायला जाल तर आधी वळण, मग बदल.

उरलेलं, झटपट

फोटोचं नाव. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो त्याच्या तारखेच्या नावासकट साइटवर चढवू नका. "हिरवा-बेदाणा-शेड" असं काहीतरी नाव द्या आणि पर्यायी मजकुराच्या रकान्यात फोटोत काय दिसतंय ते एका ओळीत लिहा: "जाळीच्या रॅकवर वाळणारा हिरवा बेदाणा". हा रकाना दृष्टिहीन माणसाला वाचून दाखवला जातो, तिथे जाहिरात करू नका.

वर्णनाची ओळ, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, क्रमवारी वाढवत नाही. पण निकालात नावाखाली ती दिसू शकते, आणि माणूस ती वाचून ठरवतो की दाबायचं की पुढे जायचं. फोनवर गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य काय बोलाल ते तिथे लिहा.

मोठं शीर्षक पानावर एक असलं की पुरे. दोन झाली म्हणून आभाळ कोसळत नाही.

मोबाइल. गूगल आता साइटची मोबाइलवरचीच आवृत्ती वाचतं, हा बदल पुरा झाल्याचं गूगलने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. मोबाइलवर "सुटसुटीत" दिसावं म्हणून तुमच्या मुलाने तिथून मजकूर काढूनच टाकला असेल, तर तो मजकूर गेलाच असं धरा. आणि पाच-पाच एमबीचे फोटो. ते छोटे करा, एवढं केलं तरी वेगाचा निम्मा प्रश्न मिटतो.

दुरुस्तीनंतर

सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत पानाचा पूर्ण पत्ता टाका. पान यादीत आहे की नाही ते कळेल, आणि पुन्हा वाचायला या असं सांगणारं बटणही तिथेच आहे. एकदाच दाबा. दहा वेळा दाबून रांगेत पुढे जाता येत नाही. काही दिवस ते काही आठवडे लागतात, ही गूगलचीच मुदत. "वाचलं, पण सध्या यादीत घेतलं नाही" असा शेरा आला तर बहुतेक वेळा पान फारच पातळ असतं, किंवा तुमच्याच दुसऱ्या पानाची नक्कल असतं. अशा वेळी बटणाकडे नाही, मजकुराकडे परत जा.

आणि अपेक्षा जागेवर ठेवा. नुसतं "किसमिस" टाकलं की मोठमोठ्या बाजारसाइट येणार, तिथे काकांनी डोकं आपटून उपयोग नाही. "तासगाव मनुके बिनगंधक" टाकणारा माणूस थोडा असतो, पण तो घ्यायलाच आलेला असतो.

काकांनी या वेळी वहीत तीन ओळी लिहून घेतल्या, उधारीच्या पानामागे. कुणीही साइटला हात लावला की रीडिंगमधली टिक बघायची. पान उडवायचं नाही. बॅनरवर लिहिलं ते खाली टाइपही करायचं. परवा त्यांचा फोन आला. मी फेब्रुवारी धरून बसलो होतो, तर म्हणाले, साइट आहे जागेवर, पण आता पाव किलोवाले इतके फोन करतात की शेडवर काम होईना, काहीतरी करा. दरांच्या तक्त्यावर "कमीत कमी 1 किलो" एवढं टाइप करून दिलं.